वखारीतली हडळ

"आली गं बया, आली!" देवऋषी बाबाचा तो घोगरा आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानांतून जात नाही. मिरज स्टेशनामागची नानासोंची लाकडाची वखार माणसांनी फुललेली. बाबा सोटा फळ्यांच्या भिंतीवर आपटायचा आणि कुणी हात न लावता करवत घरघरत फिरू लागायची. बायाबापड्या डोकं टेकायच्या. बाबा भस्म उधळायचा, करवत थांबायची.

याच करवतीनं माझ्या मेव्हण्याची, गुंडाची, बोटं नेली होती. मशीन बंद करून तो भुसा काढत होता, तेवढ्यात ती आपसूक सुरू झाली. बाबानं निवाडा दिला: गुंडाची बायको भाकरी घेऊन चिंचेखालून येते, तिच्याच अंगावरून हडळ मशीनीत शिरली, तिला घराबाहेर काढा. ती बायको म्हणजे माझी थोरली बहीण शालू. पोटुशी. सासूनं, रंगूबाईनं, तिचं गाठोडं बांधूनसुद्धा ठेवलं.

मी शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या अनंत मास्तरांना ओढून आणलं. त्याच फळ्यांच्या भिंतीवरच्या विजेच्या खटक्यापुढं बाबाचा चेला घोंगडी पांघरून उभा होता. मास्तरांनी त्याला बाजूला केलं.

"बाबा, मंत्र राहू द्या. भिंत मी ठोकतो."

एक दणका. खटक्याची मूठ खाली घसरली, करवत फिरली.

खटका बसवणाऱ्यानं तो उलटा बसवला होता: मूठ वर केली की बंद, खाली आली की चालू. त्यात बिजागरी झिजलेली. भिंत हादरली की मूठ आपल्याच वजनानं पडायची. भस्म उडालं, लोकांनी डोळे मिटले, की चेला ती वर सरकवायचा. गुंडाची बोटं गेली त्या दिवशी गाडीतून उतरवलेला ओंडका भिंतीवर आदळला होता, एवढंच.

मास्तरांनी वीज तोडून नवा खटका सुलटा बसवून घेतला. मग बाबानं घाम फुटेपर्यंत सोटा आपटला.

"हडळ रुसली काय वो?" कोंडीबा हमालानं विचारलं. लोक हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अरे, डोकं टेकायचं तिथं टेका. पण एखादीला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी मशीनीची तार कुठनं कुठं जाते, एवढं तरी बघा.

रंगूबाई तरी हटेना. "खटका आसंल. पन माज्या लेकाची बोटं हिच्याच पायगुणानं गेली."

गुंडानं मालकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नानासो ओंडक्यावरून उठले, शालूपुढं आले.

"पोरी, खटका ढिला झालाय ह्ये गुंडानं मला आदीच सांगितलं हुतं. म्या म्हनलं, चालतंय तवर चालू दे. मग तुजं नाव निघालं, तवा मला लय बरं वाटलं."