एकटं राहण्याची शिकवणी

धाकटी चष्मा करायला गेली आणि नवरा करून आली. त्रेपन्नाव्या वर्षी. चष्म्याचं दुकान चालवणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, स्वभावाने गरीब असा तो माणूस हिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होता म्हणे, आणि तेवढ्यात जमलं. आम्ही दोघी बहिणी जन्मभर एका घरात राहिलो. ती पडदे कापायची, मी शिवायचे. लग्नाबिग्नाचं वय दोघींचंही उलटून गेलंय असं मी धरून चालले होते. निदान मला कुणी वेगळं कळवलं नव्हतं.

जाताना ती दारात उभी राहून इतकी रडली की मलाच लाज वाटली. "दार उघडं ठेवून रडू नकोस, डास येतात," मी म्हणाले. ती गेली, मी दार लावलं आणि मशीनवर बसले. त्या संध्याकाळी शिवलेलं सगळं मला दुसऱ्या दिवशी उसवावं लागलं.

पुढे काही महिन्यांनी ठमी आली. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, तिला मी संस्थावाली म्हणते. लोकांनी हौसेने विकत आणलेली आणि हौस फिटल्यावर टाकून दिलेली पग जातीची कुत्री ती आणि तिच्या मैत्रिणी गोळा करतात, बरी करतात आणि चांगलं घर बघून देतात. घर मिळेपर्यंत ही कुत्री कुणा ना कुणाकडे राहतात. ती पडद्यांची मापं द्यायला आली तेव्हा तिच्या काखेत एक होतं. चपटं तोंड, बाहेर आलेले डोळे, कपाळभर आठ्या. आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखं. ताईच्या वळणावर गेलंय, असं धाकटी म्हणाली असती.

"ताई, तुम्ही दिवसभर घरीच असता. थोडे दिवस ठेवा हिला," संस्थावाली म्हणाली. "दोनदा घर दिलं, दोन्ही वेळा परत आली. एकटी ठेवली की रडते. शेजारीपाजारी तक्रार करतात."

"म्हणून माझ्या गळ्यात?"

"हो," ती म्हणाली. बाईचा सरळपणा मला आवडला.

संस्थेने तिचं नाव कुठल्याशा राजकन्येवरून ठेवलं होतं. मी ठमी म्हणायला लागले. मशीनखालच्या कातरणांच्या ढिगावर ती घोरत पडायची. ही जात माणसाच्या मांडीवर बसण्यासाठीच जन्माला घातलेली. दुसरं कुठलंही काम तिला येत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. घोरणं मात्र असं, की मशीन थांबलं तरी घरात काहीतरी चालू आहे असं वाटायचं. ते मला हवंसं वाटायला लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

तिचं रडणं पहिल्यांदा ऐकलं ते तयार पडदे पोचवून परत येताना, जिन्यातच. भुंकणं नव्हतं ते. लांबच लांब, एका सुरातलं, दम संपेपर्यंत चाललेलं. समोरचे काका दारात उभे होते. "तुम्ही गेल्यापासून चाललंय हे," ते म्हणाले. "मला वाटलं, आत कुणी गेलं की काय." मी दार उघडलं तर ठमी उंबऱ्याशीच होती, खालची फरशी लाळेने ओली. मला बघून ती अशी काही थरथरली की माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

संस्थावालीने फोनवर उपाय सांगितला. उंटावरून शेळ्या हाकायला तिला छान जमतं. बाहेर जायचं, ती रडायच्या आत परत यायचं आणि हळूहळू वेळ वाढवत न्यायचा. जाताना लाड नाहीत, निरोप नाही. परत आल्यावर तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. "जाणं-येणं म्हणजे काही विशेष नाही, असं तिला वाटलं पाहिजे. नाहीतर हिला कुणी घर देणार नाही, ताई." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण पग पाळलेल्या कुणालातरी सुचली असावी.

शिकवणी सुरू झाली. अडचण एकच, मला जायला जागा नव्हती. पहिले काही दिवस जिन्यातच बसले, गुडघे पोटाशी घेऊन, कान वर लावून. मग खाली फाटकापर्यंत. वेळ वाढत गेला तशी पंचाईत झाली. दुकानात जाऊन नको त्या रंगांची रिळं घेतली. बागेतल्या बाकावर बसले. आजूबाजूची माणसं कुणाची तरी वाट बघत होती, मी नुसती वेळ जायची वाट बघत होते. इतरांच्या खिडक्यांची मापं मला तोंडपाठ आहेत, पण मशीनसमोरची खुर्ची सोडली तर जगात माझी बसायची दुसरी जागा नाही, हे मला त्या बाकावर कळलं.

धाकटीचा फोन यायचा.

"कुठेयस?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. मला काय कामं नसतात?"

"कुणाकडे गेलीयस का गं?" तिचा आवाज इतका आनंदला की मी हो म्हणून टाकलं. मग तिने कुणाकडे ते विचारलं आणि मी फोन ठेवला. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. घरात एक जीव एकटं राहायला शिकत होता, आणि ही शिकवणी आधी मलाच कुणीतरी द्यायला हवी होती.

पण ठमी शिकली. काका म्हणाले, "आज काही नाही हो. मी मुद्दाम रेडिओ बंद करून ऐकलं." पुढे पुढे मी अर्धा दिवस बाहेर काढून आत आले तरी ती एक डोळा उघडायची, मीच आहे एवढं बघायची आणि परत घोरायला लागायची. मीही तिच्याकडे न बघता चपला काढायचे. दोघी अगदी शिस्तीत.

मग संस्थावालीने घर शोधलं. घर म्हणजे एक बाई. बस चालवायची. चाळिशीची, रुंद खांद्यांची, नवऱ्यापासून वेगळी झालेली. गणवेशातच आली. तिची ड्यूटी तुटक असायची, सकाळी काही तास, मधे सुट्टी, मग पुन्हा काही तास. तेवढा वेळ ठमीला एकटं राहावं लागणार होतं. आम्ही तिघी बाहेर पडलो, दार लावलं आणि बराच वेळ जिन्यात उभ्या राहिलो. आत चिडीचूप. संस्थावालीने माझा हात दाबला. मग बसवाली एकटी पुढे झाली, दार उघडलं, गुडघ्यांवर बसली आणि लाडाने हाका मारल्या.

ठमीने एक डोळा उघडला, बघितलं आणि कूस बदलली.

बसवाली तशीच बसून राहिली. "मावशी, हिला कुणी आलेलं आवडत नाही का?"

"शिकवलंय तिला," मी म्हणाले, आणि चांगली मान ताठ करून म्हणाले. "कुणी आलं तरी उठायचं नाही."

"दिवसभर माणसं चढतात, उतरतात," ती म्हणाली. "तोंडाकडे एक बघत नाही. मला वाटलं, घरी दार उघडलं की निदान..." पुढचं तिने सोडून दिलं आणि गुडघे झटकत उठली.

मला एकदम धाकटी आठवली. मागच्या आठवड्यात ती आली होती, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, जिना चढून धापा टाकत. मी मशीनवरून मान वर केली नव्हती. एवढी कड होऊ दे, म्हणाले होते. कड बरीच लांब होती. चपटं तोंड आणि कपाळावरच्या आठ्या ठमीने जन्मतःच आणल्या होत्या. उरलेलं मी शिकवलं होतं.

"मग ताई, तुम्हीच ठेवून घ्या तिला," संस्थावाली म्हणाली. "तुमचं तिचं जमलंय."

हो म्हणायचं होतं मला. अगदी ओठांवर आलं होतं. पण बसवालीचं तोंड एवढंसं झालं, आणि माझी जीभ नेहमीप्रमाणे माझ्याआधी बोलून मोकळी झाली. "मी काय करू तिचं? पांढऱ्या पडद्यांना केस चिकटतात." मग बसवालीला म्हणाले, "तू मधल्या सुट्टीत रोज येत जा गं. किल्ली देऊन ठेवते. शिवलेलं उसवता येतं."

ती यायला लागली. दार उघडून मोठ्याने "मी आले!" म्हणायची, तशीच फरशीवर बसायची, खिशातून खाऊ काढायची. सुरुवातीला ठमीने दाद दिली नाही. मीही पाठ करून शिवत राहायचे. मग बसवाली माझ्याशीच बोलायला लागली. कुठल्या चौकात कोण आडवं आलं, कुठली म्हातारी रोज सुट्टे पैसे मोजत अख्खी बस थांबवते. मी "हं" म्हणायचे. "हं"चं पुढे "मग?" झालं. एक दिवस जिन्यात तिचे जड बूट वाजले आणि ठमी कातरणांतून उठून दाराकडे धावली, शेपटीसकट अख्खं ढुंगण हलवत. बसवालीने तिला उचललं आणि तिच्या सुरकुत्यांत तोंड खुपसून हसली. मी बघितलं तर मीही खुर्ची सोडून अर्ध्या खोलीत येऊन उभी होते. कशाला उठले ते सांगता आलं नसतं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

ठमीला बसवालीकडे द्यायचं ठरलं, पण संस्थावालीने अट घातली. पहिले काही दिवस बघायचं. तिथे रडली, तक्रार आली, तर परत. "आणि परत आली तर मात्र मी हिला आणखी कुठे देणार नाही, ताई. मग ती कायमची तुमची. तेव्हा नाही म्हणू नका."

मी नाही म्हणाले नाही.

ठमी गेली. किल्ली टेबलावर आली. कातरणांचा ढीग मी उचलला नाही. मशीन थांबलं की काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून मी थांबेनाशी झाले. नको तेवढे पडदे शिवून झाले.

मग बसवालीचा फोन आला. "मावशी, रजा संपली माझी. उद्या पहिल्यांदाच तिला एकटी ठेवून जातेय. बाहेर उभं राहून ऐकाल का थोडा वेळ? इथे माझ्या ओळखीचं कुणी नाही."

मी सकाळीच गेले. इमारत आमच्यासारखीच, जिना जरा अरुंद. बसवाली निघून गेली होती. तिच्या मजल्यावर पोचून मी दारापासून लांब, जिन्याच्या कठड्याशी उभी राहिले. आत शांतता होती. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मी वाट बघत राहिले. आणि खोटं कशाला बोलू, ती रडावी म्हणून वाट बघत होते. एकदाच रड गं, मनात म्हणत होते, फक्त एकदा. मग तुला कुणी माझ्याकडून नेणार नाही. इतकी नीट कशाला शिकलीस?

आवाज नाही. भांडी घासूनही झाली. नीट ऐकू यावं म्हणून मी दाराजवळ गेले. मग अगदी जवळ. मग खाली बसले आणि दाराला कान लावला.

आधी नखं वाजली. मग दाराखालच्या फटीतून सूं सूं आवाज आला, तिच्या त्या चपट्या नाकाचा. मी श्वास धरला. एक बारीक कण्हणं आलं, मग दुसरं, आणि मग तोच तो सूर, लांबच लांब, दम संपेपर्यंत. तिला मी सापडले होते.

मला आधी आनंद झाला. इतका, की मी फटीवर हात ठेवला आणि तिच्या श्वासाने बोटं गरम झाली. आत ती दार ओरबाडत होती. शेजारचं दार उघडलं, एका बाईने ओल्या हातांनी डोकं बाहेर काढलं. "काय चाललंय? इतका वेळ तर काही नव्हतं."

इतका वेळ काही नव्हतं. खरंच होतं ते.

"बंद होईल आत्ता," मी म्हणाले. कठड्याला धरून उठले आणि जिना उतरायला लागले. पहिल्या वळणावर रडणं मोठं झालं. दुसऱ्या वळणावर मी थांबले, पण मागे फिरले नाही. खाली पोचेपर्यंत ते तुटक झालं, मग मधे मधे, आणि फाटकाशी येऊन उभी राहिले तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. आणखी बराच वेळ थांबून बघितलं. नाही, काहीच नाही.

मधल्या सुट्टीत बसवालीचा फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट होता. "मावशी? रडली का हो?"

"मी दाराशी गेले तेव्हा रडली. वास आला तिला माझा. तिथून निघाले तशी गप्प झाली."

ती म्हणाली, "म्हणजे एरवी नाही ना?"

"नाही. एरवी नाही. तू निर्धास्त राहा."

"देवच पावला. उद्या याल ना पुन्हा?"

मी रस्त्यावर उभी होते, समोर तिची इमारत. तिच्या मजल्यावर बघितलं. दोन्ही खिडक्या उघड्याबोडक्या होत्या, ऊन सरळ आत जात होतं.

"उद्या नको," मी म्हणाले. "पण तुझ्या खिडक्यांना पडदे नाहीत. मापं घ्यायला येईन कधीतरी. तू तिला फिरायला घेऊन जाशील तेव्हा."