शनिवारची बैठक

"मालक अंगणातून ओरडून राह्यला, 'भिऊ नको रे भाऊ, चावत नाई ते!' मी म्हटलं, मालक, हे मले काऊन सांगता? कुत्र्याले सांगा!"

आदेश खुर्चीतून अर्धा उठला होता. कुत्र्याला भिऊन टेबलावर चढायचं तेवढं बाकी होतं. साधनाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

"मग?"

"मंग काय मॅडम, त्यालेच इन्व्हर्टर विकून आलो. कुत्रं बस स्टॉपवरोक सोडाले आलं मले."

मुलाखत सुरू होऊन बराच वेळ झाला होता. विचारायचं ते केव्हाच विचारून झालं होतं. जटपुरा गेटजवळच्या त्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत कंपनीचं चंद्रपूरचं ऑफिस होतं आणि त्यात साधना उंदिरवाडे एकटीच बसायची. कंपनी पुण्याची. राईस मिलच्या काट्याला जोडायचं यंत्र ती विकायची. पोतं काट्यावर चढलं की वजन आपोआप कॉम्प्युटरात जायचं. ते यंत्र मूल, सावली, आरमोरी, वडसा या पट्ट्यात फिरून विकणारी माणसं शोधायची, हे साधनाचं काम.

आदेशला घ्यायचं तिनं मनात ठरवलंच होतं. तेवढ्यात पुण्याहून सरांचा फोन आला. तिनं आदेशला बसायची खूण केली आणि खिडकीशी गेली.

"साधना मॅडम, गेल्या वर्षभरात तुम्ही घेतलेला एकही माणूस टिकलेला नाही. मुलाखतीत सगळे उत्तम वाटतात, अहवाल सुंदर येतात आणि तीन-चार महिन्यांत माणूस गायब. विक्री शून्य. आपल्या निवडीत कुठेतरी भोक आहे. ते शोधा. पुढचा माणूसही गेला, तर मुलाखती आम्ही इथूनच व्हिडिओवर घेऊ. मग ते ऑफिस ठेवण्यात काही अर्थ नाही."

"शोधते सर," ती म्हणाली.

परत येऊन तिनं आदेशला सांगितलं, "कळवते दोन दिवसांत."

"काई चुकलं का मॅडम? कुत्र्याचं सांगाले नाई पायजे होतं का?"

"नाही हो. तुमचं काही चुकलं नाही."

तो जिना उतरून गेला. खाली औषधाच्या दुकानात त्यानं काहीतरी म्हटलं असावं, कारण तिथूनही हसण्याचा आवाज आला. मग तो आवाजही थांबला.

ऑफिस गेलं तर नोकरी जाईल, एवढीच भीती नव्हती. नोकरी दुसरी मिळाली असती. पण या खोलीत माणसं यायची, समोर बसून बोलायची. बाबूपेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत तसं कोणी येत नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली होती. लेक साक्षी गेल्या वर्षी निवासी शाळेत लागली. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, अभ्यास झाला का, थंडी वाजते का, मैत्रिणी काय म्हणतात, असे प्रश्न साधना एकामागून एक विचारत राहायची. प्रश्न संपले की फोन संपेल, म्हणून.

---

सोडून गेलेल्यांपैकी एक सूरजागडला खाणीवर लागला होता, एकाचा फोन बंद होता. सगळ्यांत जास्त टिकलेला प्रफुल. त्यानं मूलला मोबाईलचं दुकान टाकल्याचं तिला कळलं होतं. बुधवारी ती एसटीनं मूलला गेली.

"अरे, मॅडम! या नं, या." प्रफुलनं स्टूल पुसून पुढं केलं, बायकोला चहा सांगितला आणि साधनाचा मोबाईल हातातून ओढूनच घेतला. "काच पाहा कशी झाली. आणा, बदलून देतो. पैशाचं नाव नका काढू."

तो वाकून जुनी काच काढू लागला. साधनानं विचारलं, "प्रफुल, खरं सांगा. काम काऊन सोडलं? पगार कमी पडत होता?"

"पगार बरा होता."

"मग?"

"राग येईन तुमाले."

"नाही येणार."

प्रफुलनं काचेखालची धूळ फुंकली. "मॅडम, मिलवर कोणी बोलतच नाई. तुम्ही गेल्या का कधी? मालक म्हणते, 'बसा.' बस, तेवढंच. धानाच्या गाड्या येऊन राह्यल्या, मालक मालाकडं पाह्यते, मुनीम काट्याकडं पाह्यते. आपण बसा दिवसभर. मले बसवतच नाई. मी बोलाले लागलो का मालक म्हणे, 'पाहू नं भाऊ.' अन् मी मोकळा होऊन निघो. रात्री लॉजमधी भितीकडं पाहात पडा. आमच्या घरी बारा माणसं आहेत मॅडम. मले चुप राह्याची सवयच नाई."

"पण तुम्ही तर सांगायचे, मालक तयार आहेत म्हणून."

"'पाहू' म्हटलं होतं नं त्यायनं."

"पाहू म्हणजे नाही. आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं? एवढं तुम्हांला माहीत नव्हतं?"

प्रफुल हसला. "मले माहीत होतं. तुमाले नव्हतं का? तुम्ही तर सावलीच्या."

आत कप-बशीचा आवाज झाला.

"मी शनिवारच्या बैठकीत सांगून राह्यलो, तुम्ही हसून राह्यल्या," प्रफुल हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कधी इचारलंच नाई का बा, पाहू म्हटलं म्हणजे नेमकं काय म्हटलं. मी टिकलो तो शनिवारच्या भरोशावर, मॅडम. हप्ताभर बोलाले कोणी नाई भेटे, शनिवारी तुम्ही भेटत होत्या." त्यानं नवी काच अंगठ्यानं दाबून बसवली. "तुमचंही तसंच होतं नं?"

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या होत्या, मळणीची यंत्रं धूळ उडवत होती. वर्षभरात घेतलेल्यांचे चेहरे तिला आठवत राहिले. एकजण नाटकातल्या बायकांचे आवाज काढायचा, एकाकडे वाघाच्या गोष्टी होत्या. शनिवारी बैठकीला ते यायचे, म्हणून ती डब्यात दोन भाज्या न्यायची. आठवड्याचा हिशेब दहा मिनिटांत व्हायचा, उरलेली दुपार गप्पांत जायची. तिनं माणसं मिलसाठी निवडलीच नव्हती. शनिवारसाठी निवडली होती.

आणि ज्यांना नाही म्हटलं, ते? त्यांतला एकच नीट आठवला. धानोऱ्याकडचा डोमा मडावी. बी.ए. झालेला, उन्हाळ्यात जंगलात वणव्यावर पहारा ठेवायच्या कामावर जायचा. त्याच्या नावापुढं तिनं टाइप केलं होतं, 'बोलण्यात कमी'. ती मुलाखत पाणी पिऊन होण्याआधी संपली होती.

---

आदेश आणि डोमा, दोघांनाही तिनं शुक्रवारी मूलजवळच्या एका मिलवर बोलावलं. मालकाला आधी सांगून ठेवलं होतं की, दोन पोरं येतील, तुम्ही रोजच्यासारखेच वागा. मालक म्हणाला होता, "आमाले दुसरं येते कुठी, बाई?"

दिवस हंगामाचा होता. फाटकापासून ट्रॅक्टरची रांग लागली होती. हमाल पोती पाठीवर घेऊन काट्याकडं धावत होते आणि कोंड्याची बारीक धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर बसत होती. मालकानं तिघांकडं पाहिलं, "बसा," म्हटलं आणि तो गाड्यांकडं निघून गेला.

आदेशनं अर्ध्या तासात मुनिमाचं गाव, सासर आणि गुडघ्याचं दुखणं काढून घेतलं. हमालांना कुत्र्याची गोष्ट सांगितली. तेही हसले. जाता-येता मालकाला गाठून त्यानं यंत्राचं सगळं सांगून टाकलं. मालक धानाची मूठ नाकाशी धरून वास घेत होता. म्हणाला, "बरं आहे. पाहू नं भाऊ."

दुपारी आदेश साधनाजवळ आला. "झालं मॅडम! मालक तयार आहेत. चला, दीडची गाडी भेटते. रस्त्यानं तुमाले आमच्या मामाच्या बुलेटचा किस्सा सांगतो. हसून हसून पोट दुखलं नाई तर नाव बदलवा माझं."

साधनाला जावंसं वाटलं. कोंड्यानं घसा कोरडा पडला होता आणि पाठ अवघडली होती. दीडच्या गाडीत खिडकीची जागा, शेजारी बोलणारा माणूस, चंद्रपूर कधी येईल ते कळलंही नसतं. तिनं डोमाकडं पाहिलं. तो सकाळपासून भिंतीला टेकून, तागाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून होता. कंटाळल्यासारखा नाही, काही ठरवून बसल्यासारखाही नाही. नुसता बसला होता.

"तुम्ही व्हा पुढं," ती आदेशला म्हणाली.

"एकट्याच थांबता?"

"थांबते थोडी."

तो गेल्यावर ती डोमापासून हातभर अंतरावर टेकली. त्यानं थोडं सरकून तिच्यासाठी सावली मोकळी केली, पण बोलला काही नाही. तिला राहवलं नाही.

"जंगलात कंटाळा नव्हता येत, डोमा?"

"येत होता."

"मग काय करायचे?"

डोमानं विचार केला. "काई नाई. येऊ देत होतो."

पुढं ती काही बोलली नाही. ट्रॅक्टर येत राहिले, जात राहिले. सुरुवातीला ती शांतता तिला मानगुटीवर बसल्यासारखी वाटली. मग केव्हातरी ती मानगुटीवरून उतरून शेजारी बसून राहिली.

उन्हं उतरल्यावर शेवटची गाडी रिकामी झाली. मालकानं टाकीवर हातपाय धुतले, गमछ्यानं तोंड पुसलं आणि त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं.

"अरे पोरा, तू अजून काऊन बसून आहेस?"

"तुमचं आटपाची वाट पाहून राह्यलो, भाऊ."

मालक येऊन समोरच्या पोत्यावर बसला. तंबाखू मळली. डोमापुढं हात केला, त्यानं मानेनंच नको म्हटलं. बराच वेळ दोघंही काट्याकडं पाहत राहिले.

"हे पाह्य," मालक म्हणाला, "मी यंदा घेत नाई. खोटं काऊन सांगू? मुनीम माझ्या बापाच्या वेळचा आहे. मशीन लावली तर म्हणेन, माह्यावर भरोसा नाई राह्यला. उन्हाळ्यात तो पोराकडं चालला राहाले, नागपूरले. तेव्हा ये. उन्हाळी धान निघाच्या आधी ये."

"येतो," डोमा म्हणाला.

साधना तिथंच बसून ऐकत होती. वर्षभर शनिवारी ती मालकांच्या गोष्टी ऐकत आली होती. त्यांत एकाही मालकानं सरळ नाही म्हटलेलं नव्हतं. हा पहिला.

फाटकापाशी डोमानं विचारलं, "मॅडम, मी जाऊ? माह्यं काम नाई झालं नं?"

"झालं," ती म्हणाली. "सोमवारपासून या."

आदेशला तिनं स्वतः फोन केला. तो हिरमुसला, मग लगेच सावरून म्हणाला, "बरं मॅडम, कधी बोलावंसं वाटलं तर फोन करा." तिनं होकार दिला. त्याचा नंबर मात्र त्या दिवशीच कंपनीच्या पुण्यातल्या, दुकानांना माल विकणाऱ्या विभागाला कळवला. तिथं बोलणारी माणसं हवी होती.

---

डोमा पहिल्या शनिवारी आला. फिरलेल्या मिलची नावं त्यानं सांगितली. कोण नाही म्हणालं आणि काऊन, ते सांगितलं. तिनं काढून ठेवलेला डबा त्यानं मान खाली घालून नीट संपवला, कप धुऊन ठेवला. पुढं काय बोलावं हे दोघांनाही कळेना.

"शनिवारी मिलवर काय असतं, डोमा?" तिनं विचारलं.

"दुपारून हमालायचा हप्त्याच्या मजुरीचा चुकारा होते. मंग मालक मोकळेच असतात. संध्याकाळवरोक."

"आणि तुम्ही इथं येऊन बसता."

"तुम्ही बोलावलं म्हणून आलो, मॅडम."

तो गेल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली. निवडीत काय चुकत होतं आणि आता काय करायचं, ते तिला पुण्याला कळवायचं होतं. उमेदवाराला ऑफिसात बोलावू नये, एक अख्खा दिवस मिलवर बसवावं. मालकाकडून त्याला 'पाहू' मिळतं की खरं उत्तर, ते पाहावं. एवढं तिनं भराभर टाइप केलं. मग हात थांबले. खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ते देऊन झालं, सुट्टे मिळाले, गिऱ्हाईक गेलं. तेव्हा तिनं शेवटची ओळ लिहिली: शनिवारची बैठक बंद करावी, माणूस त्या दिवशी मिलवर असावा.

सोमवारी सरांचा फोन आला. "मॅडम, हे उत्तम आहे. सगळ्या जिल्ह्यांत असंच करू. ऑफिसची काळजी करू नका. ते राहील."

"थँक्यू सर."

पुढच्या शनिवारी ती डब्यात एकच भाजी घेऊन गेली. दुपारपर्यंत पुढच्या उमेदवारांचे अर्ज पाहिले. काम संपलं. कुणी येणार नव्हतं, म्हणून कुलूप लावून ती खाली उतरली. रस्त्यावर ऊन होतं, बाजारात गर्दी होती. या वेळी ती इतकी वर्षं वर असायची. खाली काय असतं, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. चुड्या विकणाऱ्या बाईसमोर ती जराशी थांबली आणि पुढं झाली. गेटपाशी एक ऑटो येऊन उभा राहिला.

"कुठी जाचं, ताई?"

बाबूपेठ म्हटलं असतं तर पाच-सात मिनिटांत घर आलं असतं. ती आत बसली, पर्स मांडीवर घेतली.

"ताई, कुठी?" ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं.

"चाल तर," ती सावलीच्या बोलीत म्हणाली. "सांगतो."

ऑटोवाल्यानं पुन्हा विचारलं नाही. तोही बोलणारा नव्हता.