टोपीतलं घर

घर तापवणाऱ्या रेडिएटरच्या तळाशी थेंब दिसला तेव्हा मी तो बोटाने पुसून टाकला. लगेच दुसरा आला, गंजाच्या रंगाचा. मिठाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी घट्ट गुंडाळली, खाली तसराळं ठेवलं. आमच्या इमारतीत दर हिवाळ्यात कुणीतरी असंच करतं आणि बर्फ वितळेपर्यंत निभावतं. पण दुपारी चिंधीतून वाफ यायला लागली आणि थेंबांची धार झाली.

दुरुस्तीवाला गेन्नादी गुडघे टेकून बघत राहिला. "आपा, हे लोखंड राहिलं नाही, बिस्कीट झालंय. तळघरातून उभा पाइप बंद करावा लागेल. या पाइपवरची सगळी घरं संध्याकाळपर्यंत गार."

"बंद करू नकोस. वर रिस्तीचं नातवंड आहे."

"मग घाला स्वेटर त्याला."

"सातव्या महिन्यात झालंय. स्वेटरच्या एका बाहीत मावेल."

बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. आमची घरं एकेका खोलीची. हीटर लावला की फ्यूज उडतो. "आपा, हा फुटला तर उकळतं पाणी खालच्या घरात जाईल," गेन्नादी हळूच म्हणाला. "मग आठवडाभर कुणालाच ऊब नाही. बाळ हलवा. तयारी झाली की पाइपवर ठोका."

मी वर गेले. सून अजून इस्पितळात तापाने पडलेली, म्हणून रिस्ती एकटीच बाळाला छातीशी धरून रेडिएटरला पाठ लावून बसली होती.

"तुझा रेडिएटर गळतो आणि गारठायचं आम्ही?"

"समोरच्या दारात वाल्या राहते, तिच्याकडे चल. तिचा पाइप वेगळा आहे."

"चाळीस दिवस व्हायचेत. उंबरा ओलांडणार नाही." ती जागची हलली नाही. "याच्या मोठ्या बहिणीला असंच चाळीस दिवसांच्या आत बाहेर नेलं होतं, कुल्यान. दवाखान्यात. येताना दुपटं रिकामं होतं."

खालून पाइपवर ठोके पडले. गेन्नादी हाका मारत होता, "आपा, तसराळं पुरत नाही!" रिस्तीने बाळाला आणखी आवळलं. ते रडतही नव्हतं. दोघींनाही त्याचीच भीती वाटत होती.

मी धावत खाली गेले आणि पेटीतून नवऱ्याची कोल्ह्याच्या कातडीची टोपी काढली. तो गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. वर येऊन ती रिस्तीपुढे धरली. अपुऱ्या दिवसांचं मूल आमच्या आज्या अशाच टोपीत ठेवायच्या, तंबूच्या आतल्या लाकडाला टांगायच्या आणि रोज पुढच्या लाकडावर सरकवायच्या, चाळीस दिवस भरेपर्यंत.

"हे त्याचं घर," मी म्हणाले. "घरच उचलून न्यायचं. आपल्या आज्यांनी तंबू हलवले तेव्हा कोणता उंबरा आडवा आला होता?"

रिस्तीने टोपीत हात घालून आतली लव चाचपली. मग तिने बाळाला आत ठेवलं आणि वरून टोपीच्या कानपट्ट्या बांधल्या. जिन्यातल्या खिडकीची काच फुटलेली. एवढीशी जागा, पण वारा थेट अंगावर येत होता. "श्वास घेतोय ना गं?" ती विचारत होती. मला कळत नव्हतं, तरी मी "हो" म्हणत होते.

वाल्याने दार उघडलं. रिस्तीने टोपी रेडिएटरशेजारच्या खुंटीला टांगली. मी परत तिच्या घरात जाऊन पाइपवर ठोके दिले. आतलं पाणी गुरगुरलं आणि शांत झालं. लोखंड हाताखाली गार होत गेलं.

वाल्याकडे आले तर दोघी खुंटीखाली उभ्या. कानपट्टी सोडून आत बघायची हिंमत कुणाची होत नव्हती. बराच वेळ गेला आणि कातडीच्या आतून मांजराच्या पिलासारखा बारीक, रागावलेला आवाज आला.

रिस्तीने कानपट्टी सोडली. "भुकेलंय," म्हणाली. आणि डोळे पुसत माझ्यावर खेकसली, "बघतेस काय? जा, आधी तुझी जमीन पूस."

गेन्नादीने रेडिएटर बदलला आणि संध्याकाळी पाइप पुन्हा तापला. मी बोलवायला गेले, तर रिस्तीने वाल्याच्या भिंतीत आणखी एक खिळा ठोकला होता.

"उद्या इथे," ती म्हणाली.