हात न पोचणारा कोपरा

“अजून पुढं घ्या. अजून. आता जरा वळवा... हां, लागलं! काका, कोपऱ्याला लागलं!”

व्हॅक्यूमताई गाडीच्या बाहेरून समोरच्या काचेला नाक लावून ओरडत होती. आत भिंगकाका दोन सीटवर आडवे पडले होते, मान स्टिअरिंगखाली, एक पाय दाराबाहेर. त्यांच्या हातातली लांब चपटी काडी डॅशबोर्डवरून सरकत, काच जिथे डॅशबोर्डला मिळते त्या चिंचोळ्या फटीत शिरली होती. टोकाचं फडकं कोपऱ्यात दोनदा फिरलं आणि काळं होऊन बाहेर आलं.

पॉलिशवाला हातातलं मशीन बंद करून धावत आला. त्याने फडकं उलटसुलट करून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“म्हणजे आजवर आपण गिऱ्हाइकांना टोप्याच घालत होतो की!”

“तू घालत होतास,” भिंगकाका कण्हत उठून बसले. “मी सांगायचो, कोपरा राहिलाय म्हणून.”

ते खरंच सांगायचे. गाड्या आतून-बाहेरून नव्यासारख्या करून देणारी ही एक लांबट पत्र्याची शेड. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचं त्या कोपऱ्याशी जुनं वैर होतं. हात घालावा तर मनगट अडकतं, बोटं पालथी वळत नाहीत, आणि जोर लावून पुसलं तर मळ जायचा सोडून कडेला गोळा होतो. चहाच्या वेळी यांचा एक खेळ चालायचा, ‘असं काहीतरी निघायला पाहिजे’ नावाचा. ताईला कुत्र्याचे केस गालिच्यातून एका ओढीत काढणारा ब्रश हवा होता. पॉलिशवाल्याला ढगाळ दिवशीही भर उन्हातल्यासारखे ओरखडे दाखवणारा दिवा हवा होता, आणि शिवाय धुतलेल्या गाडीवर न बसणारे कावळे. कावळे हत्यारात मोडत नाहीत, असं ताईचं म्हणणं पडे. मग त्यावर चहा संपेपर्यंत वाद.

बाकीचे नुसते बोलत. भिंगकाका घरी जाऊन ती वस्तू करून आणत. सीटखालच्या पट्टीत अडकलेलं काढायला सायकलच्या तारेचा आकडा, एसीच्या जाळीसाठी गरम पाण्यात वाकवलेला टूथब्रश, असलं बरंच त्यांच्या पेटीत होतं. खिशात कायम एक भिंग. रंगावरचा केसाएवढा ओरखडा ते त्यातून शोधायचे आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना घास जात नसे. त्यांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे “चालेल”. ती मिळाली तर पॉलिशवाला दिवसभर शीळ घालत हिंडायचा.

या कोपऱ्याचं हत्यार मात्र त्यांनी वर्षानुवर्षं लांबणीवर टाकलं होतं. ते शेवटी झालं मोडक्या छत्रीतून. छत्रीची काडी जिथे दुमडते तो सांधा बघून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. काडीच्या टोकाला रबरी चपलेच्या तळव्याचा तिकोनी तुकडा, त्यावर फडकं, आणि मागून दोरी ओढली की तुकडा मान वळवतो. रोज संध्याकाळी ते घरी यावरच बसत. घरात बोलायला कुणी नव्हतं. हात कामात असले की घर गप्प आहे हे जरा कमी जाणवायचं.

मुळात ही मागणी होती बायकोची. ती असताना सुट्टीच्या दिवशी दोघं आपली जुनी गाडी काढून शहराबाहेर जात. रस्ता मोकळा लागला की ती शेजारची सीट पार मागे सरकवायची, चपला काढायची आणि दोन्ही टाचा डॅशबोर्डवर ठेवून बोटं काचेला टेकवायची. जन्मभर दुसऱ्यांच्या काचा पुसणाऱ्या माणसाला हे बघवणार कसं?

“अगं, पाय खाली घे. ठसे उठतात.”

“उठू देत. तुमचा हात तरी कुठं पोचतोय तिथं?”

“पोचेल असं काहीतरी करीन मी.”

“करा की. नुसतं म्हणताय कधीचं. झालं की घेते पाय खाली.”

ती जाऊन हा दुसरा हिवाळा. गेली तीही फार त्रास न देता, दवाखान्यातून घरी नेतील या भरवशावर पिशवी भरून बसलेली असताना. त्यानंतरच्या पहिल्या थंडीत एका सकाळी भिंगकाका गाडीत बसले, काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली, आणि शेजारच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, बोटं उमटली. एका पायाची पाचही. दुसऱ्याची करंगळी नव्हती, कारण ती करंगळी लहानपणापासून आत वळलेली होती आणि काचेला कधी टेकायचीच नाही. काच सुकली की ठसे दिसेनासे होत. पुन्हा वाफ धरली की पुन्हा येत. भिंगकाका त्या दिवशी कामावर उशिरा पोचले.

तेव्हापासून थंडी पडली की गाडी सुरू करण्याआधी ते काचा बंद करून थोडा वेळ नुसते बसायचे. वाट बघायचे. बोटं आली की “निघू या,” म्हणायचे आणि चावी फिरवायचे. घरात तिच्या साड्या होत्या, फोटो होता, पण फोटोत ती कुणाच्या तरी लग्नात अवघडून उभी होती. गाडीतली ती आरामात होती.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांची गाडी बाहेरून अशी की त्यात बघून भांग पाडावा, आणि आत तेवढी एका बाजूची काच मळकट. ताईने एकदा विचारलंच होतं.

“काका, एवढंच का हो ठेवलंय?”

“हात पोचत नाही,” ते म्हणाले होते. तिथे कुणाचाच पोचत नसल्यामुळे ते सगळ्यांना पटलं होतं.

हत्यार जमल्याची बातमी मालकीणबाईंच्या कानावर गेली तशा त्या स्वतः शेडमध्ये आल्या. काडी हातात घेऊन त्यांनी दोरी ओढून पाहिली.

“काका, उद्या माझ्याबरोबर चला. शोरूमवाल्यांना दाखवू. हे डोकं इथं पत्र्याखाली ठेवून कसं चालेल?”

“बोलायचं तुम्ही. मी फक्त काच पुसून दाखवीन,” भिंगकाका म्हणाले. कान मात्र लाल झाले होते. आणखी एक काडी केलेली होती, ती त्यांनी ताईच्या हातात दिली. “ही इथं असू दे. दोरी हळू ओढायची.”

शेडची एक रीत होती. इथे कुणाचं काही चांगलं झालं की पेढे वगैरे भानगड नसे. बाकीचे मिळून त्याची गाडी करून देत, अगदी गिऱ्हाइकाची करतात तशी. पॉलिशवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या खटारा गाडीवर ताई आणि भिंगकाका राबले होते. ताई घरच्या आजारपणातून उठून आली तेव्हा तिची स्कूटर त्यांनी चाकांसकट लखलखीत केली होती. भिंगकाकांनी स्वतःची पाळी तेवढी प्रत्येक वेळी टाळली होती. माझी मीच करतो, म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मात्र टाळायला ते जागेवर नव्हते. ते मालकीणबाईंच्या गाडीतून गेले होते आणि त्यांच्या गाडीची चावी, शेडच्या नियमाप्रमाणे, फळीवरच्या खिळ्याला टांगलेली होती.

शोरूममध्ये काम फत्ते झालं. तिथल्या माणसांनी काडी चार वेळा फिरवून बघितली, मालकीणबाई बोलल्या, भिंगकाकांनी काच पुसून दाखवली. परतताना त्यांना बायकोची फार आठवण येत होती. हे सगळं तिला सांगायचं होतं. सकाळी गाडीत सांगू, असं त्यांनी ठरवलंही.

शेडमध्ये पोचले तेव्हा दिवे लागले होते. ताई आणि पॉलिशवाला घरी न जाता थांबलेले, हात मागे बांधून, तोंडावर हसू मावत नाही. आणि मध्ये त्यांची गाडी, चारही दारं उघडी.

भिंगकाका जागीच थांबले.

“तुमच्या हत्याराची तुमच्याच गाडीला ओळख नको का?” पॉलिशवाला म्हणाला.

“आता नाही म्हणायचं नाही,” ताई म्हणाली. “हात पोचत नाही म्हणून राहिलं होतं ना? आता पोचतो. बघा तरी!”

भिंगकाका जाऊन आपल्या सीटवर बसले. त्यांनी आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं. समोर काच आहे की नाही कळू नये इतकी ती स्वच्छ होती. ते शेजारच्या बाजूला वाकले आणि त्यांनी काचेवर तोंडाने वाफ सोडली. वाफ सारखी पसरली आणि विरली. त्यांनी पुन्हा सोडली, जरा खाली. मग अगदी कोपऱ्यात.

“तपासतायत!” बाहेरून पॉलिशवाल्याचा आवाज आला. “भिंग काढा, काका. सोडू नका आम्हाला.”

त्यांनी भिंग काढलं. काचेच्या खालच्या कडेवरून ते भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, आणि तसंच परत आणलं. एखादं बोट. बोटाची कड. काहीच उरलं नव्हतं. बाहेर दोघं श्वास रोखून उभे होते, शाळेत निकाल लागायच्या वेळी उभे राहावं तसे. ताईचे गुडघे ओले होते. अर्धा दिवस ती या गाडीत वाकून बसली असणार, दोरी हळू ओढत, त्यांनी सांगितलं होतं तशी.

भिंगकाकांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि दार उघडलं.

“छान झालंय,” ते म्हणाले.

दोघांनाही आधी कळलंच नाही.

“काय म्हणालात?”

“छान झालंय. माझ्या हातूनसुद्धा इतकं झालं नसतं.”

“ऐकलंस? छान म्हणाले!” पॉलिशवाल्याने ताईच्या पाठीत धपाटा घातला. “चालेल नाही, छान!” ताईने डोळे टिपले आणि मग आपल्यालाच हसली.

दोघं आवराआवर करायला आत गेले. भिंगकाका गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी आले. खालचा गालिचा झाडायला ताईने शेजारची सीट पुढे सारली होती, ती तशीच राहिली होती. त्यांनी खाली वाकून कळ दाबली आणि सीट मागे सरकवली, पार शेवटच्या खाचेपर्यंत, पाय वर घेऊन बसता येईल इतकी. मग दार हलकेच लावलं.