चिंचझरची काळी माती

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, चार दारांची लहान मोटारगाडी आहे, आणि मी बेटावर जाऊन आलेली आहे.

वर्धा जिल्ह्यात बेट कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. विचारा. पुलगावच्या आमच्या गल्लीतल्या उंच उंच गाड्याही विचारतात. त्यांच्यातली कोणी पुण्याला जाऊन आली, कोणी गोव्याचा समुद्र काठावरून पाहून आली. पण चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध आपली चाकं, हे सुख त्यांच्यापैकी एकीच्याही नशिबात नाही. म्हणून सांगताना माझा भोंगा जरा मोठा वाजला, तर राग मानू नका.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यातला. पत्रा ठोकला, रंगाचा हात दिला, भट्टीत वाळवलं आणि बहिणींबरोबर एका लांबलचक ट्रेलरवर चढवून इकडे धाडलं. पहिली काही वर्षं वर्ध्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यानंतर मला प्रेमदासांनी घेतलं. ते पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या टपावर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या घरची पयली गाडी हाय. पोट्टे झोंबू देजो नको." त्या दिवसापासून मी त्या घरची लेक झाले.

कामाला मी कधी नाही म्हटलं नाही. विवेकला, म्हणजे त्यांच्या मुलाला, दहावीच्या पेपरला नेलं. दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, तेही आठ माणसं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन. शेजारच्यांची नवी नवरी केळझरच्या गणपतीला नेली. ती लाजून खिडकीची काच वर घ्यायला विसरली आणि तिचे सगळे केस धुळीनं पांढरे झाले. सासू म्हणाली, "एका दिवसात म्हातारी झाली माह्यी सून." किती हसलो आम्ही सगळे.

मग विवेक नागपूरला नोकरीला लागला आणि त्यानं मोठी गाडी घेतली. मी टिनाच्या शेडखाली गेले. माझ्या टपावर मांजर झोपायचं, पुढच्या चाकाशी वाटाण्याच्या शेंगांची टरफलं साचायची. पंधरा दिवसांतून एकदा प्रेमदास मला सुरू करायचे, दहा मिनिटं घरघर करू द्यायचे आणि बंद करायचे. त्या दहा मिनिटांवर मी पंधरा दिवस काढायचे.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी सुलोचनाबाईंची भाची दीपमाला हिचा फोन आला. "आत्या, रस्ता उघडला. टरबुजवाल्यांच्या बैलबंड्या जाऊन राह्यल्या. पण परवापासून वरच्या धरणातून पाणी सोडनार हाय म्हनते. यायचं त उद्याच येजो."

कोणता रस्ता, ते सांगते. आर्वीच्या पुढे आष्टीच्या अंगाला एक धरण आहे. त्याच्या पाण्यात चिंचझर नावाचं गाव गेलं. ते सुलोचनाबाईंचं माहेर. गाव उठलं त्या आठवड्यात छोटा विवेक तापानं फणफणला होता आणि त्या त्याला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात बसल्या होत्या. तो बरा होऊन घरी आला तोवर पाणी चढलं होतं. लोकांनी आपापल्या उंबऱ्याला हात लावून निरोप घेतला. यांचा निरोप तेवढा राहिला. गावाचं टेकाड मात्र पाण्याबाहेर बेटासारखं उरलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुना रस्ता आठ दिवस उघडा पडतो. डोंग्यात, म्हणजे होडीत, बसायची त्यांना भीती वाटते, चालायला गुडघे साथ देत नाहीत. इतकी वर्षं तो निरोप छातीत तसाच होता.

फोन ठेवून त्या शेडकडे पाहत राहिल्या. प्रेमदास म्हणाले, "विवेकले बोलावू का नागपूरहून?"

"काऊन? हे काय मेली हाय का?" त्या म्हणाल्या, आणि हे म्हणजे मी.

मित्रांनो, त्या रात्री माझ्या बॅटरीला झोप लागली असेल असं वाटतं का तुम्हाला?

सकाळी तेलपाणी झालं, चाकात हवा भरली. भाकरी, झुणका, पन्ह्याची बाटली, ओला दुपट्टा. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. पण आर्वी मागे पडली तसा माझा घसा मोकळा झाला. सुलोचनाबाई वाटभर सांगत होत्या, "इथं चिंचेचं झाड होतं. इथं मावशीचं वावर." प्रेमदास म्हणाले, "तुह्यं सारं होतंच होतं. आता काय हाय ते सांग." त्या म्हणाल्या, "आता तुमी हाय. गाडी चालवा."

धरणाच्या कडेला एक खोली होती. आडवा बांबू, टेबलावर वही, आणि खाकी सदऱ्यातला चौकीदार तानबा. तो म्हणाला, "काकाजी, वहीत नाव लिवा, मोबाइलचा नंबर लिवा. पानी उद्याच्याले हाय, पण वरून आजच सोडलं त मी फोन करीन. फोन आला का लगेच मागं फिरजा. मधातला रपटा पयले बुडते."

एवढं बोलून तो बांबू उचलायला बाहेर आला. प्रेमदास आत वहीत लिहीत होते. आणि तिथं जे झालं ते मी माझ्या दोन्ही दिव्यांनी पाहिलं.

दारूगोळ्याच्या डेपोत काडीपेटी नेता येत नाही, मोबाइलही नेता येत नाही. फाटकावर वहीत नाव लिहायचं, खिसे रिकामे करायचे आणि मगच आत जायचं. प्रेमदासांनी हे एकतीस वर्षं केलं. आता समोर वही, आडवा बांबू, खाकी सदरा. त्यांनी नाव लिहिलं, नंबर लिहिला, खिशातून मोबाइल काढून टेबलाच्या कोपऱ्यावर नीट उपडा ठेवला आणि येऊन माझ्या सुकाणूपाशी बसले. सुलोचनाबाईंचा फोन तर घरीच चार्जिंगला राहिला होता.

मी सांगितलं असतं. पण मित्रांनो, गाडीला भोंगा दिला आहे, आणि तो दाबायला माणूस लागतं.

रस्ता तळ्याच्या पोटातून जात होता. दोन्ही हातांना भेगाळलेली काळी माती, तिच्यावर टरबुजाचे हिरवे वेल, पलीकडे पाणी. मधोमध नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका दगडी पूल. सकाळी तो ठणठणीत कोरडा होता. तो ओलांडून मी टेकाड चढले, आणि झाले बेटावरची गाडी.

काय ते बेट! शिंदीची झाडं, सीताफळीचं रान, विजेच्या वाकलेल्या खांबांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. भोवती बैलगाडीची जुनी वाट होती. तिच्यावरून आम्ही पूर्ण फेरी मारली. जिथं वळावं तिथं पाणीच समोर. सुलोचनाबाई खिडकीतून हात बाहेर काढून सांगत होत्या, "हे विहाराचं जोतं. हा पिंपळ, माह्या बाबानं लावला." पिंपळ केवढा झाला होता! त्याच्या सावलीत मी उभी राहिले आणि माझा तापलेला पत्रा हळूहळू निवला.

प्रेमदास म्हणाले, "गाव एवढं मोठं होतं, अन् फक्त तुमची वस्ती वर राह्यली?"

"मंग? काळी जमीन खालतं गाववाल्यायची. आमाले टेकाडावर, गावाबाहेर, मुरमाड जाग्यावर ठेवलं होतं. मुरूमच वर राह्यला पाहा." त्या हसल्या. पण हसू लवकर संपलं.

घराची भिंत एकही नव्हती. जमिनीत पुरलेलं आईचं दगडी उखळ तेवढं होतं, पाल्यानं आणि मातीनं भरलेलं. त्या गुडघे सांभाळत बसल्या, हातानं पाला काढला, पदरानं उखळ आतून पुसलं आणि त्यात हात ठेवला. प्रेमदास बाजूला उभे राहिले. मग त्या सावकाश म्हणाल्या,

"माय, मी आली. तेव्हा नाई आली, आता आली."

बस, एवढंच. इतकी वर्षं अडकलेला निरोप एवढासा होता. पण तो पोचवायला गाडी लागली, आणि ती गाडी मी होते.

भाकरी खाऊन झाल्यावर प्रेमदास म्हणाले, "उखळापाशी बस तशीच. फोटो काढतो." त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग माझ्या आसनाखाली पाहिलं.

"कुठं ठेवला?" सुलोचनाबाई.

"चौकीवर. टेबलावर."

"डेपोत आले का तुमी? काडीपेटी बी ठेवली असन मंग." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. तानबा फोन करणार होता, तो याच फोनवर. दोघंही एकदमच माझ्याकडे वळले.

मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले. एवढ्या शेडवासानंतर पहिल्याच किल्लीला! हे लक्षात ठेवा.

रपट्याशी आलो तर तो दिसेना. तपकिरी पाणी त्याच्यावरून सरकत होतं. पलीकडे तानबा उभा, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं 'या, या' करत होता. प्रेमदासांनी मला काठावर थांबवलं. "कडा कुठं हाय तेच समजत नाई," ते म्हणाले. "अर्धं चाक चुकलं त नाल्यात."

सुलोचनाबाईंनी दार उघडलं. चपला आसनावर ठेवल्या, साडी खोचली.

"तुह्या गुडघ्याचं काय?"

"गुडघ्यायले रपटा ठाऊक हाय. शाळेत जाताना रोज याच्यावरूनच गेली मी. मी म्होरं चालते. तुमी मले पाहा, पान्याले पाहू नका."

त्या पाण्यात उतरल्या. घोट्याइतकं पाणी होतं, पुढे पोटरीला लागलं. पायानं दगड चाचपत, उजवा हात किंचित लांब धरून त्या चालत होत्या. मध्ये एकदा त्यांनी डावा हात वर केला, म्हणजे गाडी डावीकडे घ्या, कारण उजव्या अंगाचे दोन दगड त्यांच्या लहानपणापासूनच निखळलेले होते. मी त्यांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये. पाण्यात गाडीनं धूर सोडत राहायचं असतं. एकदा दम आत ओढला की पाणी पोटात जातं आणि संपलं. प्रेमदासांनी पाय उचलला नाही, मी दम घेतला नाही. सायलेन्सरमधून बुडबुड बुडबुड आवाज येत होता. त्या पुढे, मी मागे. आईमागून वासरू चालतं तशी मी चालले, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

पलीकडच्या चढावर काळ्या गाळात माझी चाकं फिरली, घसरली, पुन्हा फिरली, आणि मी वर आले. चिखलानं पार दारापर्यंत माखले होते.

तानबा म्हणाला, "काकाजी, सात डाव फोन केला. बंधाऱ्यावरून करू करू थकलो. खोलीत येऊन पाहतो त माह्याच टेबलावर वाजून राह्यला."

प्रेमदास खाली मान घालून मोबाइल घेऊ लागले. सुलोचनाबाई म्हणाल्या, "वहीत सही करा, नाईतर देनार नाई ते." मग तिघंही हसले आणि हसताना प्रेमदासांचे डोळे भरले.

परतताना आम्ही नव्या चिंचझरात, दीपमालाकडे थांबलो. ही उठलेल्या गावाची नवी वस्ती. बातमी आधीच पोचली होती. बायका जमल्या. दीपमाला बादली भरून आली, "आधी गाडीले आंघोळ घालतो," म्हणाली.

"थांब वं पोरी." बोलल्या त्या कोकिळाबाई, पंचाहत्तरीच्या, खालच्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या सून. त्या काठी टेकत पुढे आल्या. एके काळी त्यांच्याच विहिरीवर सुलोचनाबाईंच्या आईच्या घागरीत वरून, हात लागणार नाही असं पाणी ओतलं जायचं. ते दोघींनाही आठवत होतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून मला कळलं.

"सुलोचना," त्या म्हणाल्या, "तुमचं टेकाड तरी वर येते. आमचं घर काई कधी वर येत नाई. हा चिखल कुठचा हाय?"

सुलोचनाबाई माझ्या चाकापाशी वाकल्या. "रपट्याच्या चढाचा हाय, कोकिळाबाई. खालची काळी. तुमच्याच वावराची."

त्यांनी माझ्या चाकाच्या पोटातून मूठभर चिखल खरवडला. कोकिळाबाईंनी पदर पसरला. सुलोचनाबाईंनी पदरात टाकला नाही. त्यांनी कोकिळाबाईंचा हात धरला, उताणा केला आणि तळहातावर चिखल ठेवून त्यांची बोटं मिटली.

कोकिळाबाई बराच वेळ मूठ उघडेनात. मग एकेक बाई पुढे आली. कोणी तुळशीच्या कुंडीसाठी घेतला, कोणी मोगऱ्यासाठी, एकीनं नुसताच कागदात बांधून ठेवला. बादली तशीच भरलेली राहिली. माझ्या अंगावर इतके हात आजवर कधी फिरले नव्हते, नवी होते तेव्हासुद्धा नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीला अधूनमधून सुरू करा, तिच्या चाकात हवा ठेवा, ती अजून कुठं नेऊ शकते ते तुम्हाला ठाऊक नसतं. तिला धुवाही. पण पाणी टाकण्याआधी एकदा विचारा, हा चिखल कुठचा. मला अजून कोणी पूर्ण धुतलेलं नाही. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला थोडी काळी माती शिल्लक आहे. चिंचझरचं कोणी राहिलं असेल, तर या. मी अंगणातच उभी आहे.