बदललेलं नाव

चार महिने झाले तरी ज्ञानदाच्या वहीत मासळीच्या नावांपलीकडे काही उतरलं नव्हतं. विरारच्या चंदनसारहून दोन बस बदलून ती रोज पाचूबंदरच्या कोळीवाड्यात यायची. मुंबईतल्या एका संस्थेत ती कोळी बायकांच्या जगण्यावर प्रबंध लिहीत होती. बायका चहा द्यायच्या, बसायला खुर्ची द्यायच्या, आणि प्रश्न आला की म्हणायच्या, "आमाला काय म्हाईत नाय, बाय."

शेवटी सुकी मासळी विकणाऱ्या प्रिस्काला तिची दया आली.

"एलिसा बोललेली एकदा," ती म्हणाली. "तुज्यासारकाच एक पोरगा आलेला, हर्षवर्धन. तिच्याकडं जेवायचा. नवरा पिऊन मारायचा, ते तिनं त्याला सांगितलं. त्यानं छापलं."

"पण नाव बदललंय त्यात."

"नाव बदललं. चॅपलमागचं घर, तीन पोरी, लंगडा नवरा, ते कोन बदलनार? इंटरनेटवर सगल्यांनी वाचलं. पोरीच्या सासरीपन."

हर्षवर्धनचा तो प्रबंध ज्ञानदाने दोनदा वाचला होता. त्या पानाच्या समासात तिनेच पेन्सिलीने लिहिलं होतं, 'किती जिवंत!'

ज्ञानदा तिच्या घरी गेली तेव्हा एलिसा अंगणात बोंबील साफ करत बसली होती.

"मावशी, ते मी लिहिलेलं नाही."

"तुज्याच कॉलेजातला ना तो?"

"हो."

"मंग ते पान काढ. मंग ये."

ते पान काढावं म्हणून ज्ञानदाने संस्थेत अर्ज केला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सगळे नियम पाळलेत. संमतीपत्रावर त्या बाईची सही आहे." हर्षवर्धनला फोन केला तर तो उलट चिडला.

"तिनं स्वतःहून सांगितलं. मी काय चोरी केली?"

"जेवायला वाढताना सांगितलं तिनं!"

"तेच तर आपलं काम आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सात आठवडे आणि पाच पत्रं गेली. तेव्हा कुठे संस्थेने तो प्रबंध इंटरनेटवरून दोन वर्षांसाठी काढला. ज्ञानदा पत्र घेऊन जवळजवळ धावतच एलिसाकडे गेली.

एलिसाने हात पुसले, ज्ञानदाकडून पत्र वाचून घेतलं.

"दोन वर्सांनी परत लावनार?"

खोटं बोलणं सोपं होतं; तरी "हो," ज्ञानदा म्हणाली.

"मंग काय केलंस तू?" एलिसा पुन्हा बोंबलांकडे वळली.

बसमध्ये ज्ञानदाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. सात आठवडे झटून एक बरा शब्द नाही! तिला मार्गदर्शक बाईंचा राग आला, हर्षवर्धनचा आला, एलिसाचाही. मनातल्या मनात ती प्रत्येकाशी भांडली. स्वतःपाशी आली तेव्हा मात्र तिला वाद घालता येईना. एलिसाने ते आपल्याला सांगितलं असतं, तर आपणही लिहिलंच असतं, आणि कदाचित त्याच्याहून झकास.

दुसऱ्या दिवशी ती पाचूबंदरला गेली नाही. तो प्रबंध कायमचा काढावा असा नवा अर्ज घेऊन संस्थेत गेली आणि संचालकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसली.

"वेळ घेतलीय?" शिपायाने विचारलं.

"नाही."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या या."

"उद्याही येईन," ज्ञानदा म्हणाली, आणि जागची हलली नाही.