पंचाहत्तरीचा शर्ट

उज्वलानं आपला उजवा हात ओढणीनं कमरेशी आवळून बांधला होता आणि एकट्या डाव्या हातानं ती अंगावर चढवलेल्या जुन्या शर्टाचं टिचबटण लावायला बघत होती. बटणाचा वरचा भाग खालच्या भागावर नीट बसायचा, पण दाबायला जावं तर कापडच पोटात जायचं. मागून आधार द्यायला दुसरा हात हवाच होता.

"अगं बाई, हाताला काय झालं तुझ्या?" लताबाई दारातच थबकल्या. त्या ब्लाऊजपीस द्यायला आल्या होत्या.

"काही नाही झालं. बसा ना." उज्वलानं दातानं ओढणीची गाठ सोडली. "नानांसाठी बघत होते. एका हातानं लावता येतं का ते."

लताबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मग डोक्यातून घालायचा सदरा शिव की. आमचे सासरे तेच घालायचे."

"दिवाळीला आणला होता. म्हणाले, मी काय पुढारी हे का? घडीसुद्धा मोडली नाही."

लताबाई माप देऊन गेल्या. उज्वलानं टिचबटणं उसवून काढली आणि डबीत टाकली.

देवळाली कॅम्पातून भगूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं हे घर होतं. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि दारावर 'लेडीज टेलर' अशी पाटी. नवरा संतोष अंबडच्या कारखान्यात पाळ्या करायचा. आतल्या खोलीत, खिडकीशी, गेल्या वर्षापासून नाना बसलेले असत. बनियन, लुंगी आणि थंडी पडली की वर शाल.

नाना म्हणजे उज्वलाचे वडील, बहिरू कंडक्टर. अख्खी नोकरी नाशिक-कळवण गाडीवर गेली. त्या रस्त्यावरच्या बाजारकऱ्यांना, मास्तरांना, कोर्टाच्या तारखेला निघालेल्या माणसांना नाना ठाऊक होते ते आपल्या नीटनेटक्या कपड्यांमुळे. टपावर कांद्याच्या गोण्या, पायाशी कोंबड्या, आत शिरायला जागा नाही, अशा गाडीतून ते दिवसभर हिंडत आणि संध्याकाळी उतरत तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाची इस्त्री सकाळसारखीच असे. निवृत्त झाल्यावर खाकी गेली, पांढरा शर्ट आला. गळ्यापर्यंत बटणं लावल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पडत नसत.

तीन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, बोलणं परत आलं, हात आला नाही. तरी भगूरच्या घरी असेपर्यंत ते रोज पांढऱ्या शर्टात बाहेर पडत. मग झुंबरबाई, उज्वलाची आई, कावीळ होऊन पंधरवड्यात गेली. दिवसकार्य झाल्यावर उज्वला नानांना आपल्या घरी घेऊन आली. पहिल्या सकाळी ते खाटेवर बसले होते आणि शर्ट मांडीवर होता. ती जवळ गेली आणि बटणाला हात घातला. नानांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"नाना, त्यात काय झालं?"

"मी मेल्यावर घाल काय घालायचं ते. तवर नको."

त्या दिवसापासून त्यांनी शर्ट घातला नाही, आणि म्हणून ते घराबाहेरही गेले नाहीत.

पुंजा ड्रायव्हर सुरुवातीला रोज सकाळी येऊन हाक मारायचा. त्या दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर काम केलं होतं. नाना आतूनच उज्वलाला खूण करत, झोपलोय म्हणून सांग. एकदा पुंजा परत फिरला नाही, पायरीवर बसून राहिला.

"पोरी, तो झोपला नाय. मला म्हाईत हे," तो हळू म्हणाला. "बनियनवर तो माणसात यायचा नाय. वयनी होत्या तवर बरं होतं. मी हाक मारली की त्या आतून म्हणायच्या, थांबा भावजी, येतेत. अन् दार लोटून घ्यायच्या. मंग हा यायचा, गळ्यापर्यंत बटणं लावून. मला वाटायचं, गडी डाव्या हातानं जमवतोय. वयनी गेल्या अन् याचा शर्ट बी गेला, तवा कळलं."

उज्वलाला ते आजवर ठाऊक नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं, नानांनी तर नाहीच.

डिसेंबरात नानांना पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. पुण्याहून धाकट्या भावाचा, ललितचा फोन आला.

"ताई, मी म्हणतो एक आरामखुर्ची घेऊ. मागे झुकते ना, तसली. आणि नाशिकरोडला छोटा हॉल बघू."

"खुर्ची नको. त्यांना बसायला काय कमी आहे? वर्षभर बसूनच आहेत."

"मग काय द्यायचं?"

"मी शर्ट शिवते."

ललित हसला. "ताई, तू ब्लाऊज शिवतेस."

"आता शर्टही शिवीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कॅम्पच्या बाजारात लष्करी सामानाच्या दुकानांत कोटांच्या खिशाला लावतात ती वेल्क्रोची चिकटपट्टी मिळायची. ती आणून तिनं जुन्या शर्टाला लावली. एका हातानं झकास बसली. काढायला ओढली तर चर्र असा आवाज झाला आणि आतून नाना म्हणाले, "काय फाडलंस गं?"

ती पट्टीही डबीत गेली. चारचौघांत बापाच्या छातीवर असला आवाज तिला नको होता. शिवाय शर्ट शर्टासारखा दिसायला हवा. काजं हवीत, बटणं हवीत, जवळ बसलेल्यालाही कळता कामा नये.

कॉलरचं वेगळंच होतं. तिनं जन्मात जेन्ट्स कॉलर शिवली नव्हती. ती कॅम्पात चंदर मास्तरांकडे गेली. फौजींचे गणवेश शिवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"लेडीज टेलरला कॉलर कशाला हवी?" ते म्हणाले.

"वडलांची पंचाहत्तरी आहे."

"मापं टाक, मी शिवून देतो."

"नको. मला शिवायचाय."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि बाजूला स्टूल सरकवलं. तिची पहिली कॉलर कुत्र्याच्या कानासारखी पडली. दुसरी एका बाजूला लांब झाली. मास्तर रागावले नाहीत, नुसती उसवायला लावत. तिसरीच्या वेळी म्हणाले, "हात बसला तुझा. आता गळा आण. गळ्याशिवाय कॉलर होत नसते."

जुन्या शर्टाचं माप चालणार नव्हतं, नाना आता खूप उतरले होते. थंडी होतीच. एका सकाळी तिनं त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि टोक जिथं जुळलं तिथं नखानं खूण केली. छातीचं माप तिनं शाल नीट करताना वितीनं घेतलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

शर्ट बेतला, कापला, कॉलर झाली. बटणांची पुढची पट्टी तेवढी उघडी राहिली, कारण ती बंद कशी करायची हे अजून सापडलं नव्हतं. वाढदिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली.

लताबाई ब्लाऊज न्यायला आल्या त्या घाईत होत्या. ब्लाऊज पाहिला, पर्समध्ये कोंबला, आणि बोलता बोलता पर्सचं झाकण नुसतं सोडून दिलं. टक. झाकण आपोआप जागेवर बसलं.

"पुन्हा करा," उज्वला म्हणाली.

"काय करू?"

"पर्स उघडा आणि लावा. बघू नका तिच्याकडं."

लताबाईंनी तसं केलं. टक.

"लोहचुंबक आहे गं त्यात. आताच्या सगळ्या पर्सना असतं."

उज्वला त्याच दुपारी बसनं नाशिकला गेली. मेनरोडच्या मागच्या गल्लीत पर्स-बॅगांचं सामान विकणारी दुकानं होती. तिथून तिनं तसली बटणं आणली, सगळ्यात लहान आणि पातळ. घरी आल्यावर पुढची अडचण कळली. मशीनखाली पट्टी सरकवली की सुई चुंबकाकडे वाकायची. कात्री जाऊन चिकटायची, टाचण्या उडून चिकटायच्या. शेवटी तिनं मशीन बाजूला ठेवलं, एकेका चुंबकाला कापडाची इवलीशी पिशवी केली आणि त्या पिशव्या पट्टीच्या आत हातशिलाईनं बसवल्या. वर काजं केली, आणि प्रत्येक काजावर पांढरं बटण असं टाकलं की ते त्यातून आल्यासारखं दिसावं. मग पुन्हा हात कमरेशी बांधून, शर्ट अंगावर घेऊन तिनं डाव्या हातानं पट्टीवर पट्टी आणली. टक, टक, टक. संतोष पाळीवरून येऊन जेवत बसला होता. घास हातात तसाच ठेवून तो बघत राहिला.

"जमलं की," तो म्हणाला.

"माझं जमलं. त्यांनी घातला तर खरं."

वाढदिवसाच्या सकाळी आंघोळ झाल्यावर तिनं इस्त्री केलेला शर्ट नानांच्या खाटेवर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्यासाठी शिवलाय."

नानांनी शर्टाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "कशाला शिवलास? ठाऊक हे ना तुला."

"एकदा हातात तर घ्या."

त्यांनी घेतला. अंगठा पट्टीवरून खाली जाऊ लागला. पहिल्या बटणाशी थांबला. त्यांनी पट्टी जरा उचलली, सोडली. टक. परत उचलली, परत सोडली. उज्वलाला वाटलं, आता हा शर्ट सदऱ्याच्या घडीवर जाऊन पडणार.

"लोहचुंबक?"

"हो. पर्सला असतं ते."

"बायांच्या?"

"बायांच्या."

"वरून दिसतं?"

"नाही. चंदर मास्तरांना दाखवला. त्यांनासुद्धा हात लावल्यावर कळलं."

नानांनी शर्ट मांडीवर ठेवला. "जा तू," ते म्हणाले. "दार लोटून घे."

ती पुढच्या खोलीत मशीनशी येऊन बसली. आत खाट करकरली. मग बराच वेळ काही नाही. अधू हात बाहीत घालायला वेळ लागणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिचे पाय मशीनच्या पायडलवर उगाच हलत होते. मग टक. थोड्या वेळानं टक. पुढची तीन लागोपाठ आली.

दार उघडलं. नाना काठी टेकत भिंतीवरच्या आरशापुढे उभे राहिले. कॉलर ताठ बसली होती. पण एक बटण चुकलं होतं, शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती. उज्वलाच्या ते ताबडतोब लक्षात आलं. ती अर्धी उठली, आणि परत बसली.

नानांनी आरशात पाहिलं. "च्यायला," ते पुटपुटले. काठी भिंतीला टेकवली, खांदा भिंतीला लावला, आणि डाव्या हातानं वरून खालपर्यंत शर्ट एका झटक्यात उघडला. मग नव्यानं, सावकाश, खालची टोकं जुळवून पाहत त्यांनी गळ्यापासून खाली एकेक बटण लावलं. शेवटचं बसल्यावर हातानं पोटावरची सुरकुती सारखी केली.

"पुंजा कुठं बसतो हल्ली?"

"स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर. मी येऊ सोबत?"

"तुला कामं नाहीत का?" असं म्हणून नाना पायरी उतरले.

ती दारात उभी राहिली. पांढरा शर्ट रस्त्याच्या कडेनं हळूहळू जात होता. मध्ये एकदा तो थांबला. कुणीतरी सायकलवरून उतरून त्यांना नमस्कार केला. मग तो वळणाआड गेला.

तासाभरानं ललितचा फोन आला.

"ताई, नानांना दे ना. शुभेच्छा देतो."

"ते घरी नाहीत."

"म्हणजे? दवाखान्यात?"

"बाहेर गेलेत."

"कुणाबरोबर?"

"एकटे," उज्वला म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिला इतकं बरं वाटलं, की ललितनं न विचारताच तिनं तो पुन्हा म्हटला. "एकटेच गेलेत."

जेवायच्या वेळेला नाना परतले. सोबत पुंजा होता, तो पायरीपर्यंत आला आणि उज्वलाला बघून थांबला.

"मी इचारलं याला, कुणी घातला रं शर्ट? तर म्हणतो, कुणी म्हंजे? मीच." पुंजानं मान हलवली. "लय वेळ बसलो आम्ही. जुनं-नवं सगळं निघालं. उद्या बी यायचंय म्हणतो. कळवण गाडीनं वणीपर्यंत जाऊन यायचं ठरलंय आमचं."

"जेवून जा, काका."

"नको, घरी वाट बघतेत," म्हणत पुंजा गेला.

नाना चुलीजवळ पाट घेऊन बसले. चेहरा उन्हानं लाल झाला होता, कपाळावर घाम होता. उज्वलानं ताट वाढलं आणि शर्ट काढून ठेवता का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले. डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. पुढचा तुकडा हातातच राहिला.

"तुझी आई खालून वर लावायची," ते म्हणाले. "शेवटचं गळ्याशी. मला वरून खाली लावावी लागली."

त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि जेवू लागले. उज्वलानं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी फुगत आली होती, ती तिनं हातानं फिरवून निखाऱ्याला लावली.